पणजी–म्हापशाचा कपडेबाजार डेटातून कसा वाचायचा

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातल्या गाऊनचा भाव, आसगावच्या बुटीकमधल्या लिननच्या शर्टाचा भाव आणि पणजीच्या अठरा जून रस्त्यावरच्या साडीचा भाव एकत्र करून सरासरी काढली, तर येणारा आकडा कुणाच्याच कामाचा नसतो. गोव्यात कपड्यांचे निदान तीन बाजार एकाच रस्त्यावर नांदतात. एक पर्यटकांचा: समुद्रकाठची हलकी वस्त्रं, टाय-डाय, आरसेकाम, चांदीचा मुलामा दिलेले दागिने. दुसरा स्थानिकांचा तयार कपड्यांचा: चवथ (गणेशचतुर्थी), दिवाळी, नाताळ, लग्नं. तिसरा शिंप्यांचा, आणि तो बहुतेक अहवालांत दिसतच नाही. या तिघांचे हंगाम, गिऱ्हाईक आणि हिशेबाच्या सवयी वेगळ्या. म्हणून इथे डेटा सायन्सचं पहिलं काम हे तीन बाजार वेगळे करणं. मॉडेल त्यानंतर.

हा लेख पायथन ही संगणकाची भाषा थोडीफार येणाऱ्या, पण शहराच्या बाजाराचा अभ्यास पहिल्यांदाच करणाऱ्या वाचकासाठी आहे. फॅशन डिझाइनचे विद्यार्थी, बुटीक काढू पाहणारे, अर्थशास्त्राचा प्रकल्प करणारे, सगळ्यांना चालेल.

पहिली पायरी: प्रश्न एवढा लहान करा की उत्तर चुकू शकेल

‘गोव्याच्या फॅशन उद्योगाचं विश्लेषण’ हा प्रश्न नव्हे, ते नुसतं शीर्षक झालं. प्रश्न असा हवा: नाताळाआधी म्हापशातले शिंपी कोणत्या आठवड्यात नवी कामं घेणं थांबवतात? किंवा, समुद्रापासून जसजसं दूर जावं तसतसा त्याच प्रतीच्या सुती ड्रेसचा भाव उतरतो का? किंवा, पणजीत नोंदणीकृत दुकानांच्या मानाने घरगुती शिवणकाम किती? यातला एकच घ्या. दुसरा आपोआप मागून येतो.

हद्दही आधीच ठरवा. पणजी महापालिकेची हद्द धरली तर पर्वरीचा मॉल बाहेर राहतो आणि म्हापसा तर राहतोच. पण कपड्यांच्या व्यवहारात पणजी, पर्वरी आणि म्हापसा हा एकच पट्टा आहे. दोन टोकांतलं अंतर जेमतेम तेरा किलोमीटर, आणि गिऱ्हाईक सकाळी इथे तर संध्याकाळी तिथे. मी हा पट्टा घेतो आणि कळंगुट, हणजूण, आसगाव हे ‘किनारी गट’ म्हणून वेगळे नोंदवतो. मडगावचा अभ्यास स्वतंत्र करावा. तिथलं गिऱ्हाईक बरंचसं सासष्टी तालुक्यातलं, त्याला या पट्ट्यात ओढू नये.

दुसरी पायरी: सरकारी आकडे, आणि ते काय सांगत नाहीत

राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाची दोन सर्वेक्षणं उपयोगी पडतात. कौटुंबिक उपभोग खर्चाचं सर्वेक्षण (२०२२-२३ आणि २०२३-२४) घरटी कपड्यांवर किती खर्च होतो ते सांगतं. असंघटित उद्योगांचं वार्षिक सर्वेक्षण कारखाना कायद्याबाहेरचे लहान व्यवसाय धरतं. आपले शिंपी त्यात येतात. दोन्हींचा मूळ, ओळीनिहाय डेटा सांख्यिकी मंत्रालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळतो. उद्योगांच्या वर्गीकरणात तयार कपड्यांचं उत्पादन विभाग १४ मध्ये, चामड्याच्या वस्तू १५ मध्ये आणि कपडे-चपलांची किरकोळ दुकानं ४७७१ खाली शोधा.

दोन सावधगिरी. प्रत्येक ओळीसोबत दिलेला गुणक (ती ओळ किती घरांच्या किंवा व्यवसायांच्या जागी उभी आहे तो आकडा) लावल्याशिवाय एकही बेरीज करू नका. आणि गोवा लहान राज्य असल्याने त्याच्या वाट्याला नमुने थोडे येतात, त्यात पुन्हा फक्त शिंपी वेगळे काढले तर हाती मूठभर ओळी उरतात. तिथून टक्केवारी काढून तक्ता रंगवणं म्हणजे स्वतःची फसवणूक. हे आकडे पार्श्वभूमी म्हणून वापरा, निष्कर्ष म्हणून नको.

आणखी एक फट लक्षात ठेवा. उपभोगाचं सर्वेक्षण इथे राहणाऱ्यांचा खर्च मोजतं, इथल्या दुकानांची विक्री नव्हे. पर्यटकाने हणजुणेत घेतलेला कुर्ता त्यात गोव्याच्या खात्यावर येत नाही. उलट लग्नाचा बस्ता बांधायला बेळगावला जाणारं पेडण्याचं कुटुंब गोव्याच्या खर्चात दिसतं, पण तो पैसा गेला बेळगावच्या पेठेत. २०२४ मध्ये गोव्यात एक कोटीच्या वर पर्यटक आले आणि २०११ च्या जनगणनेत राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. एवढ्या तफावतीच्या जागी ‘इथला खर्च’ आणि ‘इथली विक्री’ यांची गल्लत फार महागात पडते.

तिसरी पायरी: दुकानांची यादी, एकदा नकाशावरून आणि एकदा पायी

ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा आहे. त्यातून कपड्यांची दुकानं, बुटीक, शिंपी, कापडवाले, चपला आणि दागिने अशा खुणांनिशी जागा उतरवून घेता येतात. ओव्हरपास टर्बो या पानावर प्रश्न लिहा किंवा पायथनमधली ओएसएमएनएक्स ही लायब्ररी वापरा. दहा मिनिटांत यादी हातात येते, आणि ती अपुरी असते.

म्हणून दुसरी यादी पायांनी करायची. पट्ट्याचे लहान चौकोन पाडा, त्यातले काही चिठ्ठ्या टाकून निवडा आणि निवडलेल्या चौकोनातली प्रत्येक गल्ली चाला. ‘बाजारपेठ आहे तिथेच जाऊ’ असं म्हटलंत की घरच्या पडवीत मशीन टाकून बसलेली शिवणारीण सुटली. नोंद साधी ठेवा: जागा, प्रकार, पाटी आहे की नाही, पाटीची भाषा, तारीख. माणसाचं नाव किंवा फोन नंबर लिहायची गरज नाही. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विचार करताही न घेतलेली माहिती सर्वांत सुरक्षित.

आता या दोन याद्यांतून न दिसलेल्यांचा अंदाज काढता येतो. तळ्यातल्या माशांची संख्या मोजायला जी रीत वापरतात तीच. समजा, निवडलेल्या चौकोनांत नकाशाने १२० शिवणकामाच्या जागा दाखवल्या, तुम्हाला पायी १५० सापडल्या आणि दोन्हींत सामाईक ६० निघाल्या. (आकडे फक्त उदाहरणाचे.) १२० गुणिले १५० भागिले ६०, म्हणजे एकूण अंदाज ३००. प्रत्यक्ष दिसल्या २१०, म्हणजे नव्वदेक जागा दोन्ही याद्यांतून निसटल्या.

हे गणित दोन याद्या एकमेकींपासून स्वतंत्र आहेत असं मानतं. खरं तर तसं नसतं. मोठी पाटी असलेलं दुकान नकाशावरही येतं आणि चालतानाही दिसतं. त्यामुळे सामाईक आकडा फुगतो आणि एकूण अंदाज खाली येतो. उपाय दोन. पाटीवाले आणि बिनपाटीचे यांचं गणित वेगवेगळं करा. आणि जमल्यास तिसरी यादी मिळवा. त्यासाठी सर्वांत चांगली जागा म्हणजे मॅचिंग सेंटर. अस्तर, फॉल, बटणं, दोरा विकणाऱ्याला परिसरातली प्रत्येक शिवणारीण कोणत्या वाड्यावर बसते ते ठाऊक असतं. त्याच्याकडून वाड्यागणिक फक्त संख्या आणि अंदाजे जागा घ्या.

चौथी पायरी: नावं जुळवणं

हे काम कंटाळवाणं असलं तरी चुकवता येत नाही. इथल्या पाट्या देवनागरीत, रोमी म्हणजे रोमन लिपीत, कधी दोन्हींत. एकाच गावाला म्हापसा, म्हापुसा, मापुसा. पणजीला पंजीम. मडगावला मारगाव. दुकानाच्या नावात सेंटर, स्टोअर्स, कलेक्शन हे शब्द येतात-जातात. आधी सगळी नावं एका लिपीत आणा, असे भरताड शब्द काढा, मग अक्षरसाम्य मोजणारी रॅपिडफझसारखी लायब्ररी वापरा. नुसत्या साम्यावर विसंबू नका, अंतराची अट घाला. पन्नास मीटरच्या आत आणि नाव बरंचसं जुळतं, तरच तेच दुकान. ‘महालक्ष्मी’ नावाची दुकानं गोव्यात गावोगाव आहेत. अंतराची अट नसेल तर ती सगळी एकच होऊन बसतील.

पाचवी पायरी: नकाशावर गट पाडणं

अक्षांश-रेखांशांवरून थेट अंतर काढू नका. आधी जागा मीटरमध्ये आणा. त्यासाठी यूटीएम ही पृथ्वीचे पट्टे पाडणारी नकाशापद्धत वापरा. गोवा तिच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. मग दाटीवरून गट पाडणारी डीबीस्कॅन ही पद्धत लावा. के-मीन्स या दुसऱ्या प्रकाराला गट किती ते आधी सांगावं लागतं आणि तो प्रत्येक एकट्या दुकानाला कुठल्या तरी गटात कोंबतो. डीबीस्कॅन एकट्याला एकटा राहू देतो. गोव्यात दाट बाजारपेठ आणि विखुरलेले वाडे शेजारी-शेजारी असल्यामुळे हा फरक महत्त्वाचा. अंतराची मर्यादा शंभर, दीडशे, अडीचशे मीटर अशी बदलून पाहा. मर्यादा थोडी हलवली की गट मोडत असेल, तर तो गट नव्हे.

सहावी पायरी: पंचांग

इथे सर्वांत जास्त वेळ घाला. महिन्यागणिक तुलना गोव्यात चालत नाही, कारण इथली कापडखरेदी इंग्रजी महिन्यांवर हलत नाही. चवथ २०२३ मध्ये १९ सप्टेंबरला होती, २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे ऑगस्ट २०२३ आणि ऑगस्ट २०२५ शेजारी ठेवले तर विक्री उसळल्यासारखी वाटेल. प्रत्यक्षात सणच सरकला.

लग्नांचंही तसंच. हिंदू लग्नं तुळशीच्या लग्नानंतर सुरू होतात आणि अधिक महिन्यात थांबतात. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे मे महिन्याच्या मध्यापासून महिनाभर मुहूर्त नाहीत. ख्रिस्ती लग्नं ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळात (लेंट) सहसा होत नाहीत, आणि तो काळ ईस्टरनुसार सरकतो: ईस्टर २०२५ मध्ये २० एप्रिलला होता, २०२६ मध्ये ५ एप्रिलला. त्यात भर समुद्रकाठच्या हंगामाची. पावसाळ्यात हणजूणचा बुधवारचा बाजार बंद, आणि हडफड्याचा शनिवारचा रात्रबाजारही पर्यटन हंगामातच भरतो.

तेव्हा डेटाच्या प्रत्येक दिवसाला हे रकाने जोडा: चवथीला किती दिवस, दिवाळीला किती, नाताळाला किती, मुहूर्त आहे का, उपासकाळ आहे का, पर्यटन हंगाम आहे का. एकदाच घडलेल्या गोष्टींना वेगळा रकाना द्या. गोंयच्या सायबाच्या, म्हणजे संत फ्रान्सिस झेवियरच्या, अवशेषांचं दर्शन २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात होतं, आणि ते दहा वर्षांतून एकदा होतं. तो हिवाळा आधार धरून पुढच्या हिवाळ्याला ‘मंदी’ म्हणू नका.

मॉडेल मात्र साधंच ठेवा. दोन-तीन वर्षांच्या डेटावर न्यूरल नेटवर्कसारखं अवजड मॉडेल चालवून काही मिळत नाही. हे रकाने घेतलेलं साधं रिग्रेशन (कोणत्या रकान्याने आकडा किती हलतो ते मोजणारी रीत), किंवा स्वतःच्या सणांचा तक्ता घेणारी प्रॉफेट ही अंदाजाची लायब्ररी, एवढं पुरतं.

सातवी पायरी: शिंप्याला उलाढाल विचारू नका

उलाढाल कुणी सांगत नाही, आणि सांगितली तरी ती खरी नसते. पण ‘आज ब्लाउजचं कापड दिलं तर कधी मिळेल?’ याचं उत्तर प्रत्येक शिंपी देतो. तेच तुमचं मोजमाप. दर आठवड्याला त्याच पंचवीस-तीस जागी हाच प्रश्न विचारा आणि दिवस लिहा. अर्थात, हे कशासाठी चाललंय ते आधी सांगून. मागणी वाढली की हा आकडा विक्रीच्या आधी हलतो, आणि बिलं कुणी दाखवो न दाखवो, त्याला फरक पडत नाही.

सणाच्या तोंडावर उत्तर येतं, ‘आता घेत नाही.’ हे रिकामं ठेवायचं नाही आणि शून्यही लिहायचं नाही. याचा अर्थ मुदत सणापलीकडे गेली, नेमकी किती ते कळत नाही. आरोग्यसंशोधनात रुग्णांचा पाठपुरावा मध्येच थांबला की जी पद्धत वापरतात, ती कापलेल्या नोंदींची रीत इथे चपखल बसते. पायथनमध्ये लाइफलाइन्स नावाची लायब्ररी आहे. ती वापरून ‘निम्म्या शिंप्यांची दारं सणाच्या किती दिवस आधी बंद होतात’ हे काढा. हा एकच आकडा बुटीकवाल्यापासून नवरीच्या आईपर्यंत सगळ्यांना कळतो.

कामाचे प्रकार वेगळे ठेवा. ब्लाउज, फॉल-पिको, नववारी शिवणं, शाळेचा गणवेश, ख्रिस्ती नवरीचा गाऊन, तिचा सादो (लग्नाआधीचा लाल पोशाख): प्रत्येकाची मुदत निराळी. गणवेशाचा हंगामही हललाय, कारण वरच्या वर्गांचं शाळेचं वर्ष २०२५ मध्ये जूनऐवजी एप्रिलमध्ये सुरू झालं.

आठवी पायरी: भाव, आणि किमतींतलं भगदाड

भाव गोळा करताना वस्तू बांधून घ्या. ‘ड्रेस’ लिहून भागत नाही. कापड, बाही, लांबी, अस्तर, हातकाम, ब्रँडची चिठ्ठी, लिहिलेला भाव आणि घासाघीस झाल्यावरचा भाव असे रकाने हवेत. मग भावाचा लॉगरिदम घेऊन रिग्रेशन करा. समुद्रापासूनच्या अंतरालाही एक रकाना द्या. लॉग घेतल्याचा फायदा असा की सहगुणक ०.१८ आला तर तो जवळजवळ वीस टक्क्यांचा फरक म्हणून वाचता येतो.

आता एक गंमत. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्याच्या नगामागे विक्रीमूल्य २,५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी ५ टक्के आहे, वर गेलं तर १८. त्याआधी हद्द १,००० रुपयांची होती आणि दर ५ व १२. ही हद्द कर धरण्याआधीच्या मूल्यावर लागते. कर धरून पाहिलं तर हद्दीखालचा सर्वांत वरचा भाव २,६२५ रुपये होतो, आणि हद्दीवरचा सर्वांत खालचा २,९५० च्या किंचित वर. मधला पट्टा रिकामा राहायला हवा. २,७९९ रुपये घेऊन बघा: ५ टक्क्यांनी उलटं मोजलं तर मूल्य २,५०० च्या वर जातं, १८ टक्क्यांनी मोजलं तर खाली येतं. कुठलाच दर बसत नाही.

म्हणून पन्नास-पन्नास रुपयांच्या टप्प्यांत गिऱ्हाइकाने प्रत्यक्ष दिलेल्या भावांचा आलेख काढा आणि या भगदाडाकडे बघा. नोंदणीकृत ब्रँडच्या दुकानांत ते दिसायला हवं. जिथे २,७०० आणि २,८०० सर्रास दिसतात, तिथे कर बिलात वेगळा लागत नसण्याची शक्यता मोठी. याचा अर्थ लबाडी असा लगेच काढू नका. वस्तूंच्या व्यापारात वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असणाऱ्याला सहसा नोंदणीची सक्ती नाही, आणि कंपोझिशन योजनेतला (उलाढालीवर ठरावीक दराने कर भरणारा लहान) व्यापारी गिऱ्हाइकाकडून कर वेगळा घेऊच शकत नाही. काही दुकानं चिठ्ठीवर कर सोडून भाव लिहितात, तेही विचारून घ्या. पण कुणालाही बिलं न मागता बाजार औपचारिक आणि अनौपचारिक असा विभागायची ही खूण आहे. साड्या या आलेखातून वगळा: साडी कापडात मोडते, तिला ही हद्द लागू नाही. आणि चिठ्ठीवरचा भाव नको, सूट वजा जाता दिलेला घ्या. हद्द त्यावर ठरते.

नववी पायरी: फोटो आणि शोधाचे कल

फोटोंवरून कपडे ओळखायचं प्राथमिक मॉडेल बहुतेकजण फॅशन-एमनिस्टवर शिकतात. २०१७ चा हा संच ७०,००० चित्रांचा, दहा प्रकारांचा आहे. त्यात पुलोव्हर आहे, कोट आहे, घोट्यापर्यंतचे बूट आहेत. साडी, कुर्ती, लुंगी नाही. सरावाला ठीक, गोव्याच्या बाजाराला निरुपयोगी. स्वतः काढलेल्या पाच-सातशे फोटोंना हातांनी नावं द्या आणि आधीच शिकलेल्या, चित्र आणि शब्द यांची सांगड घालणाऱ्या ‘क्लिप’सारख्या मॉडेलवर त्यांचं वर्गीकरण करा. चेहरे टिपूच नका, टांगलेले कपडे पुरे. रंग मोजायचे असतील तर पांढरा कागद चौकटीत ठेवा, नाहीतर ट्यूबलाइटखालचा लाल आणि उन्हातला लाल दोन वेगळे रंग ठरतात.

गोव्यातल्या कुणबी समाजाच्या पारंपरिक कुणबी साडीच्या लाल-पांढऱ्या चौकटी फोटोवरून ओळखणं फारसं अवघड नाही. कोलवाळचे डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०, पद्मश्री २०१४) यांनी तिला पुन्हा पुढे आणलं, तेव्हापासून त्या चौकटी पिशव्यांवर, स्टोलवर, कुर्त्यांवर दिसू लागल्या. पण हातमाग की यंत्रमाग हे फोटो सांगणार नाही. तिथे काठ हातात घ्यावा, हॅण्डलूम मार्क (हातमागाची अधिकृत खूण) शोधावा आणि विणलं कुठे ते विचारावं.

गुगल ट्रेंड्सवर नुसतं ‘कुणबी’ टाकू नका. महाराष्ट्रात हा शब्द जातीच्या दाखल्यांसाठी शोधला जातो. त्या राजकारणाच्या लाटा तुमच्या आलेखात फॅशन म्हणून उमटतील. ‘कुणबी साडी’ असा पूर्ण शब्द घ्या, प्रदेश गोवा ठेवा. मग शोध इतके थोडे निघतात की बरेच आठवडे शून्य दिसतं. ते शून्य म्हणजे ‘कुणी शोधलं नाही’ असं नव्हे, मोजण्याइतकं नाही, एवढंच. शिवाय तिथले ० ते १०० हे सापेक्ष अंक असतात, दोन वेगवेगळ्या वेळी उतरवलेले आकडे जोडता येत नाहीत.

इन्स्टाग्रामवरून परस्पर माहिती ओरबाडणं टाळा, ते त्यांच्या नियमांत बसत नाही. बुटीकवाल्यांकडे व्यावसायिक खातं असेल तर पाहणारे कुठल्या शहरातले आहेत हे त्यांना आतून दिसतं. चहा घेता घेता विचारलं तर ते स्क्रीन दाखवतात.

शेवटी हातात काय द्यायचं

डॅशबोर्ड करायचा मोह होईल. शिंप्याला त्याचा उपयोग नाही. ज्यांनी दर आठवड्याला उत्तरं दिली त्यांना एका पानाचा छापील कागद द्या, मराठीत किंवा कोकणीत. डावीकडे आठवडे, समोर त्या आठवड्यातली साधारण मुदत, आणि चवथ, दिवाळी, नाताळ यांच्या उभ्या रेषा. कुणा एकाचं दुकान त्यातून ओळखू येता कामा नये. म्हणून एखाद्या वाड्यात पाचांपेक्षा कमी जागा असतील तर त्या शेजारच्या वाड्यात मिळवून दाखवा. बुटीकवाल्यांसाठी भगदाडाचा आलेख वेगळा ठेवा, दोन्ही कागद एकत्र देऊ नका. पुढच्या ऑक्टोबरात, हंगाम उघडायच्या आत, तेच चौकोन पुन्हा चालायचे आणि कोणत्या जागा बंद झाल्या, कोणत्या नव्या उघडल्या ते त्याच तक्त्यात नव्या रकान्यात लिहायचं. जुना रकाना पुसायचा नाही.